गेटिसबर्ग : गाडीच्या काचेतून आणि पायी

या मालिकेत लढाया समजावून सांगताना मी नेहमी नकाशावर बाण काढत आलो. त्या बाणांवरचा माझा विश्वास ज्या दिवशी डळमळला, त्या दिवसाविषयी आज लिहितो. टिपण थोडे खासगी आहे.

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गचे रणक्षेत्र स्वतःच्या मोटारीतून पाहता येते. सुमारे २४ मैलांचा मार्ग, १६ क्रमांकित थांबे. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांचा घटनाक्रम साधारण त्याच ओघाने उलगडत जातो. नागपूरहून आलेले बाबा शेजारी नकाशा मांडीवर पसरून बसले होते.

पहिले काही थांबे भरभर झाले. दुतर्फा इतकी स्मारके, की तासाभरात डोळा सरावतो आणि पाहणे थांबते. गाडीत वातानुकूलन, हातात कॉफी. रणभूमी पाहण्याची ही रीत मला तेव्हाही किंचित लाजिरवाणी वाटली.

पाचव्या थांब्यावर व्हर्जिनियाचे स्मारक आहे; वर घोड्यावर बसलेला जनरल ली. ३ जुलैच्या दुपारी याच बाजूच्या झाडीतून सुमारे १२ हजार दक्षिणी सैनिक समोरच्या सेमेटरी रिजकडे निघाले. यालाच पिकेटचा हल्ला म्हणतात. समोरचे मैदान पाहून बाबा म्हणाले, “हे तर तळहातासारखं सपाट आहे रे. लपायला जागा कुठली?”

मीही आजवर तसेच लिहीत आलो होतो. आम्ही गाडी ठेवून गवतातून चालू लागलो. काही अंतरावर समोरची टेकडी चक्क दिसेनाशी झाली. जमीन सपाट नव्हतीच. तिला लाटांसारखे उतार-चढाव होते. खोलगटात शिरलेल्या रांगा तोफांपासून काही क्षण झाकल्या जात, आणि चढावर येताच पुन्हा उघड्या पडत. पुढे एमिट्सबर्ग रस्त्याची कुंपणे ओलांडायची, तीही गोळ्यांच्या वर्षावात. तासाभरात पाच हजारांहून अधिक माणसे ठार, जखमी वा कैद झाली. माझ्या बाणाला हे चढ-उतार कधीच नव्हते.

पलीकडे, दगडी कुंपणाच्या ‘अँगल’पासून थोडे उत्तरेस, एक लहानसे पांढरे लाकडी घर आहे. मी त्याच्यासमोरून पुढे निघालो होतो, बाबा थांबले. ते अब्राहम ब्रायनचे घर. ब्रायन हा मुक्त कृष्णवर्णीय शेतकरी, १२ एकरांचा मालक. लीचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरले तेव्हा मुक्त कृष्णवर्णीयांनाही धरून गुलाम म्हणून दक्षिणेत नेले जात होते. म्हणून तो कुटुंबासह आधीच निघून गेला. परतला तेव्हा घराची चाळण झालेली, पीक आणि कुंपणे नष्ट. त्याने सरकारकडे हजारावर डॉलर भरपाई मागितली.

“मिळाली?”

“पंधरा डॉलर.”

ज्या घोडेस्वाराच्या पुतळ्याखाली आम्ही पाऊण तासापूर्वी छायाचित्रे काढली होती, तो तिथून दूरवर ठिपक्यासारखा दिसत होता. त्या सैन्याच्या शौर्याविषयी मी या मालिकेत बरेच लिहिले आहे. ब्रायनविषयी एक ओळही नाही.

बाबांनी नकाशा उघडला, पेन्सिल मागितली आणि सेमेटरी रिजवर एक बारीक चौकोन काढला. उरलेले थांबे गाडीने केले. राष्ट्रीय दफनभूमीपाशी पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता आणि फाटक बंद होत होते.