स्मिता पाटील, आई आणि मी

खरं सांगायचं तर स्मिता पाटील मला मुळीच आवडत नसे. एवढंच नव्हे, तिचा मला राग होता. आज समांतर चित्रपटांचा विषय निघाला, की ‘सर आता तासभर थांबत नाहीत’ असं आमचे विद्यार्थी हसून म्हणतात. त्यांना हे खरं वाटायचं नाही.

रागाचं कारण ‘उंबरठा’. १९८२ साली आलेला जब्बार पटेलांचा हा चित्रपट मी पाचवीत असताना शेजाऱ्यांच्या टी.व्ही.वर पाहिला. रविवारची दुपार होती. सुलभा महाजन सुखवस्तू घर, वकील नवरा आणि लहान मुलगी मागं ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून परगावी जाते. खोलीतल्या बायकांनी ‘अगंबाई!’ केलं, आणि दोघीतिघींनी माझ्याकडे वळून पाहिलं. कारण माझी आईही तशीच गेली होती.

आई टी.सी.एच. झालेली. तिला नोकरी मिळाली ती खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या एका मराठी शाळेत. संध्याकाळी परतीची बस नसे, म्हणून ती तिथंच खोली घेऊन राहिली. मी शहापुरात, आजी आणि काकूपाशी. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की ती दुपारच्या बसनं यायची. सोमवारी पहाटे, मी झोपेत असतानाच, निघून जायची. शाळेतल्या पोरांनी दिलेलं काहीबाही पिशवीत असायचं: शेंगा, काकडी, जूनमध्ये जांभळं. मी हात लावत नसे. सिनेमात सुलभा परत येते तोवर घराला तिच्यावाचून सवय झालेली असते. मला वाटलं, बरं झालं!

पुढे एम.ए.साठी धारवाडला गेलो. माझा खोलीमित्र कन्नड होता, आणि सिनेमाचा वेडा. तो भाड्यानं व्ही.सी.आर. आणी. “गिरीश कार्नाड आमचे, स्मिता तुमची. भांडण नको, दोघंही एकाच सिनेमात आहेत,” असं म्हणून त्यानं ‘मंथन’ लावला. गुजरातेतल्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ साली उभा केलेला हा चित्रपट. (२०२४ साली त्याची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा मी त्या मित्राला मुद्दाम फोन केला.) त्यातली बिंदू मला नटी वाटलीच नाही. मग ‘भूमिका’ पाहिला. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली केलेला. घराबाहेर पडणारी, पुन्हा अडकणारी, पुन्हा बाहेर पडणारी उषा पाहिली आणि राष्ट्रीय पुरस्कार तिला का मिळाला ते कळलं. नागाभरणांच्या कन्नड ‘अन्वेषणे’तही ती भेटली. एकेक चित्रपट पाहत गेलो, राग कधी विरला ते समजलं नाही. तोवर तिला जाऊन बरीच वर्षं लोटली होती. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, तेव्हा ती अवघी ३१ वर्षांची होती.

या चित्रपटांची गोडी मला का लागली? धंदेवाईक सिनेमात घर सोडणारी बाई शेवटी रडत परत येते, नाहीतर मरते. ‘उंबरठा’त सुलभा पुन्हा निघते, आणि दिग्दर्शक तिला ना शाबासकी देतो, ना शिक्षा. निवाडा आपल्यावर सोडतो. माझा निवाडा तर मी पाचवीतच देऊन टाकला होता.

गेल्या पावसाळ्यात ‘उंबरठा’ पुन्हा लावला. आई आता निवृत्त आहे, आमच्याकडेच असते. माळ हातात घेऊन शेजारी येऊन बसली. पूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “नाल्याला पाणी आलं की शनिवारची बस गावात यायचीच नाही. पोरांनी दिलेली जांभळं खोलीवर तशीच राहायची.” मग थोडं थांबून म्हणाली, “तुला तशीही आवडत नव्हती म्हणा.”

“आवडायची,” मी म्हणालो.

एवढं सांगायला मला ३५ वर्षं लागली.