वाक्यातून गेलेला माणूस

एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करताना एका क्रियापदापाशी चार दिवस अडून बसले आहे. 'अटोन'. रोजच्या बोलण्यात ते आता फारसं येत नाही. चर्चमध्ये नाहीतर जुन्या पुस्तकांत भेटतं. कोशात अर्थ मिळतात ते प्रायश्चित्त घेणे, पापक्षालन करणे, भरपाई करणे असे. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्हींनी माझं समाधान होत नाही.

इंग्रजीतले धर्माचे जड शब्द बहुतेक लॅटिन-फ्रेंचमधून आलेले. हा मात्र घरातच घडलेला. 'अ‍ॅट' आणि 'वन' हे लहान मुलाला कळणारे दोन शब्द जोडून झालेला, म्हणजे 'एक झालेले'. 'वन'चा उच्चार तेव्हा 'ओन' असा होई. 'अलोन' आणि 'ओन्ली' या शब्दांत तो अजून ऐकू येतो. विल्यम टिंडलनं १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापला, तेव्हा देव आणि माणूस यांचं तुटलेलं नातं पुन्हा जुळण्याला त्यानं 'अटोनमेंट' म्हटलं. दहा वर्षांनी त्याला पाखंडी ठरवून मारलं, देह जाळला. शब्द राहिला.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त डेस्डेमोनाच्या तोंडी हे क्रियापद येतं. नवरा आणि कॅसिओ यांची दिलजमाई व्हावी म्हणून मी खूप काही करीन, अशा अर्थानं ती बोलते, आणि त्याच बोलण्यावर ऑथेल्लो भडकतो. तिथे क्रियापदाचं कर्म आहे दोन माणसं. तुटलेल्या दोघांना कुणीतरी 'अटोन' करायचं. पुढे वापर बदलला. आता इंग्रजीत माणसांना अटोन करत नाहीत, अपराधाबद्दल अटोन करतात. व्याकरणातला एवढासा बदल, पण ज्याचं वाईट केलं तो माणूस वाक्यातून निघून गेला. करणारा आणि त्याचं पाप, दोघंच उरले. हिशेब आपणच मांडायचा आणि आपणच मिटवायचा.

आपल्याकडे प्रायश्चित्ताला केवढं शास्त्र! याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाचं नावच प्रायश्चित्ताध्याय. पण तो विधी माणसाशिवायही पुरा होऊ शकतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहापानावरून वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. एक कप चहात त्यांना पाप दिसलं असेल, हे मला पटत नाही. आपल्या माणसांना होणारा जाच थांबावा म्हणून त्यांनी ते घेतलं, असंच मी मानते. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, तरी विधी झाला. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींतला तो भाग वाचताना आजही मला गलबलून येतं.

कोकणातल्या बेने इस्रायलींचा योम किप्पूर म्हणजे इंग्रजीत 'डे ऑफ अटोनमेंट'. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी त्याला नाव दिलं दारफळणीचा सण. दारं लावून घ्यायची, कडक उपास करायचा, घराबाहेरच्यांचा संपर्क टाळायचा. आणि तरीही ज्यूंच्या मिश्ना या धर्मग्रंथात, योमा प्रकरणात, एक अट घातलेली आहे: देवाचा केलेला अपराध त्या दिवशी मिटतो, माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय मिटत नाही. म्हणजे दार लावण्याआधी एकदा कुणाच्या तरी दारात जाऊन यायचं. मला हे फार मोठं वाटतं.

मोठं वाटतं, कारण मी गेले नव्हते.

मी शाळेत मराठी शिकवत असे. नववीतल्या एका मुलानं 'आमची विहीर' असा निबंध लिहून आणला. भाषा इतकी चांगली की ती त्याची असेल असं मला वाटेना. 'कुठून उतरवलास?' असं मी भर वर्गात विचारलं. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याला मी कबुली समजले आणि कागद फाडून टाकला. सहामाहीच्या परीक्षेत माझ्या डोळ्यांदेखत त्यानं पेपर लिहिला, तेव्हा कळलं की भाषा त्याचीच होती. मग मी खूप काही केलं. वक्तृत्व स्पर्धेला त्याचं नाव दिलं, दहावीच्या फॉर्मचे पैसे भरले, माझा शब्दकोश त्याला देऊन टाकला. बोलले मात्र काहीच नाही. आपण भरपाई केली, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते.

परवा या शब्दानं झोप उडवली आणि मी एसटीत बसले. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. 'या बाई, बसा,' म्हणत त्यानं फडक्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. चहा यायच्या आतच मी सगळं बोलून टाकलं. तो काट्यावर मेथीचं बी तोलत होता. पुडी बांधली, गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत दिले. मग म्हणाला,

'बाई, तो निबंध तुम्ही शेवटपर्यंत वाचला होता का?'

मी वाचला नव्हता.