टाळ्या आणि पगार

माणसं आजारी पडायची थोडीच थांबतात! मग दवाखान्यातली नोकरी पक्कीच, नाही का?

माझी मावशी एका खासगी रुग्णालयात नर्स होती. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशभर तिच्यासारख्यांसाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या. तीनच दिवसांनी टाळेबंदी सुरू झाली आणि तिच्या रुग्णालयातले वॉर्ड ओस पडले. मोतीबिंदू, हर्नियासारखी थांबू शकणारी ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. साध्या दुखण्याला तर कुणी येईचना. रुग्णांची बिलं नाहीत, तर पगार कुठून होणार? त्या एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी घटलं होतं. मावशीचा करार अकरा महिन्यांचा. तो संपला, नवा झालाच नाही.

मग तिला कोविड केंद्रात काम मिळालं. घामाने चिंब होईतो ती पीपीई किटमध्ये राबली. साथ ओसरली, केंद्र बंद झालं, तेही काम गेलं.

‘‘टाळ्या ऐकून बरं वाटलं गं ताई,’’ ती आईला म्हणाली, ‘‘पण वाण्याची उधारी टाळ्यांनी फिटत नाही.’’

सिस्टरने हळूच इंजेक्शन दिलं, तर ‘थँक्यू’ जरूर म्हणा. आणि घरी मोठ्यांना एवढंही विचारा : जिच्यावाचून रुग्णालय चालत नाही, तिची नोकरी अकराच महिन्यांची का?