पाचवा प्रश्न

ज्या पौषात निफाडकडचे द्राक्षबागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवून घड वाचवीत असतात, त्याच पौषात मी पंचवटीतल्या आमच्या घरी मध्यरात्री खिडक्या सताड उघडून घामाने चिंब झालेले पोलके बदलीत असे, आणि घरातल्या कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते अंधारातच धुऊन टाकीत असे.

हे भय अकारण नव्हते. पतीच्या निधनापाठोपाठ माझ्याही रक्तात एचआयव्ही असल्याचे उघड झाले, तेव्हा यावरचे औषध हा पैसेवाल्यांचा मामला होता. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटीची योजना सुरू केली. आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय असल्यामुळे, नाशकात सोय होईपर्यंत पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परतण्याचा शिरस्ता मी पाळला. स्टॅव्हुडीनने गाल बसले, पण जीव राहिला. आणि अनुकंपा तत्त्वावर मिळालेल्या कारकुनीत यथावकाश मी अव्वल कारकून झाले.

पुढे केंद्रावर दर खेपेस चार प्रश्न विचारण्याचा प्रघात पडला : खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे सर्वाधिक बळी क्षयच घेतो, त्यामुळे या चौकशीच्या उपयुक्ततेविषयी माझी तक्रार नाही. परंतु वर्षानुवर्षे चारही प्रश्नांना ‘नाही’ म्हणत आलेल्या बाईला चौथ्या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे लागले, की गोळ्या निकामी झाल्या, आता पुन्हा पहिल्यापासून सारे भोगणे आले, अशी तिची खात्रीच होते. माझी थुंकी तपासली, छातीचा एक्स-रे काढला, व्हायरल लोड पाहिला, सर्व निर्दोष. ‘काळजीचे कारण नाही’ असा शेरा पुस्तिकेत पडला आणि घाम मात्र पूर्ववत चालू राहिला. झोप उडाली, कचेरीत क्षुल्लक कारणावरून मी शिपायावर खेकसू लागले, आणि ‘मरायचेच तर गोळ्या कशाला’ असा कुविचारही एकदोन रात्री मनात डोकावून गेला.

निदान केले ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ज्यांना माझ्या आजाराची गंधवार्ताही नाही. संक्रांतीचे तीळ निवडता निवडता माझा लालबुंद झालेला चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “अगं, पाळी जायची लक्षणं ही. अंगातून वाफा निघतात ना? मला दोन वर्षं छळलं यांनी.” आजार ठाऊक असणाऱ्यांना जे दिसले नाही, ते ठाऊक नसणारीला दिसले, कारण तिच्या लेखी मी केवळ पंचेचाळिशी ओलांडलेली एक बाई होते.

हा धागा धरून मी शहरातल्या एका खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, तर गोळ्यांचे नाव ऐकताच ‘तुमच्या सेंटरलाच विचारा’ म्हणून त्यांनी बोळवण केली. अशा भेदभावास मज्जाव करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. पण कायद्याचा हवाला देण्याइतके बळ त्या दिवशी अंगात नव्हते.

केंद्रावरच्या नव्या डॉक्टरबाईंनी मात्र शांतपणे उलगडा केला. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे धरतात. आपल्याकडे हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत घडते. हाडांची झीज आमच्यात अधिक, कारण विषाणू, टेनोफोव्हिर आणि आटलेले इस्ट्रोजेन हे तिघेही त्यांवर टपलेले. त्यांनी कॅल्शियम दिले, पण ताकीदही दिली : ते डोल्युटेग्रॅविर असलेल्या आमच्या गोळीबरोबर घ्यायचे तर जेवणासोबतच, उपाशीपोटी घेतल्यास गोळीचा अंश वाया जातो. म्हणून चतुर्थीला मी आधी एआरटीची गोळी घेते आणि दोन तास उलटल्यावर कॅल्शियम. घाम असह्य झाल्यास हार्मोनचा उपचारही करता येतो, केवळ एचआयव्ही आहे म्हणून तो वर्ज्य ठरत नाही, हे मला तेव्हाच प्रथम कळले. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र एक दिवसही दवडायचा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका आमच्यात इतर स्त्रियांच्या सहापट असतो.

औषधाच्या रांगेत मी हे शेजारणीला हळूच सांगितले, तेव्हा एकीच्या चार झाल्या. कोणाला घाम, कोणाला सांधेदुखी, कोणाला नवऱ्याजवळ जाण्याचीच धास्ती, इतका कोरडेपणा. आणि प्रत्येकीने ते विषाणूच्या खात्यावर मांडून ठेवलेले. औषधांनी आम्हाला या वयापर्यंत आणले, पण हे वय गाठणाऱ्या बाईची तजवीज दप्तरात कोणी केलेली दिसत नाही.

तेव्हा केंद्रांवरील डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकांना माझी विनंती आहे : चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बाईला त्या चार प्रश्नांनंतर पाचवाही विचारा, ‘शेवटची पाळी केव्हा आली होती?’ आणि तुम्ही विचारला नाहीत, तर बायांनो, तुम्ही आपण होऊन सांगा.