आधी वीज, मग फेस

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे खाऱ्या पाण्याची रीफ (प्रवाळांची) टाकी मांडायला निघालेला माणूस स्कीमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र, घेताना पहिला प्रश्न विचारतो, ‘किती लिटरचा आहे?’ खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. माझं म्हणणं असं की आपल्या या पट्ट्यात पहिला प्रश्न ‘किती वॅट खातो, आणि लाइट गेल्यावर कशावर चालणार?’ हा असायला हवा. लिटरचं नंतर पाहता येतं, आणि बहुतेक वेळा तोवर त्याचं उत्तर आपोआप मिळून गेलेलं असतं.

गुऱ्हाळात उसाच्या उकळत्या रसावर आलेली मळी झाऱ्याने काढताना ज्याने पाहिली आहे, त्याला स्कीमर समजायला वेळ लागत नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळाने सोडलेला चिकटा यांतल्या कितीतरी रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळू पाहतं. हवेचा बुडबुडा भेटला की असे रेणू त्याच्या अंगाला चिकटतात. बुडबुडे जितके बारीक आणि पाण्यात जितका वेळ रेंगाळतील, तितका माल जास्त. मग फेस नळकांड्याच्या गळ्यातून हळूहळू चढतो आणि वरच्या कपात पडतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्या पाण्यातलं मीठ त्यांना सहजी मिसळू देत नाही, म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यातच नीट चालतं. नीट चाललेल्या स्कीमरचा कप बघावा: गळ्याच्या आतून तपकिरी लोण्यासारखा थर धरलेला, तळाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, आणि झाकण काढताच ओहोटीच्या चिखलाचा वास.

हा कप पाहून वाटतं की टाकीतली सगळी घाण इथेच आली. तसं नसतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी सहकाऱ्यांसोबत 2009 आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत वेगवेगळ्या जातींचे स्कीमर मोजून पाहिले. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच स्कीमरने निघतो, बाकीचा बुडबुड्याला दादच देत नाही, असं त्यांना आढळलं. महागड्या आणि साध्या, सुईचक्राच्या (नीडल-व्हील) आणि हवादगडाच्या (एअरस्टोन) स्कीमरांमध्ये ठळक म्हणावा असा फरकही दिसला नाही. उरलेल्या मालासाठी सक्रिय (ॲक्टिव्हेटेड) कार्बन वापरणं आणि पाणी बदलणं हेच उपाय. म्हणजे दुप्पट पैसे मोजून दुप्पट मोठा स्कीमर आणला, तर सफाई दुप्पट होते असं समजायला आधार नाही. उलट गळा फार रुंद आणि टाकीत माल थोडा असेल, तर फेसाचा खांब उभाच राहत नाही. दिवसभर बुडबुडे वर येऊन फुटतात आणि कप कोरडा. तशीही फार मोठ्या स्कीमरची निकड नसते, कारण आपल्याकडची टाकी मुख्यतः मऊ प्रवाळांची असते. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातली ती उचलून टाकीत ठेवणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

मग स्कीमर घ्यायचा तरी कशाला? माझ्या लेखी त्याचं खरं काम श्वासाचं आहे. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. पाणी तापलं की तोही घटतो, आणि एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा 40 च्या पुढे जातो. रात्री शेवाळ आणि प्रवाळही प्राणवायू बनवायचं थांबवतात आणि नुसता वापरत राहतात. अशा पाण्यात क्षणोक्षणी हवा घुसळणारं आपल्या घरात दुसरं काय असतं? टाकीच्या सफाईत एखाददुसऱ्या दिवसाचा खंड पडला तरी काही बिघडत नाही, पण श्वासात काही तासांचा खंड पडला तर सकाळी मासे तळाशी मिळतात. म्हणूनच या यंत्राची निवड विजेपासून सुरू करायची.

आणि वीज जातेच. पावसाळ्याच्या तोंडावर देखभालीसाठी काही तास बंद असते. 12 ऑक्टोबर 2020 ला तर मुंबईपासून ठाण्यापर्यंत सगळं एकदम बंद पडून लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. 2005 आणि 2019 च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. अशा वेळी पुरवठा बंद ठेवण्याला पर्यायच नसतो. आता हिशेब बघा. 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची. तिला अर्ध्याखाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, तेव्हा हाती सातशेच्या आसपास धरावेत. 15 वॅटचा डीसी स्कीमर आणि 25 वॅटचा रिटर्न पंप (खालच्या सम्प टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवणारा) यांवर सतरा तास निघतात. 40 चा एसी स्कीमर आणि 60 चा पंप असेल तर सातच तास, तेही घरातला पंखा बंद ठेवून. रिटर्न पंप मोजायचाच, कारण सम्पमध्ये स्कीमर फिरत राहिला आणि पाणी वर चढलंच नाही, तर वरच्या माशांना त्याचा काय उपयोग? शिवाय 40 आणि 15 वॅटमधला फरक महिन्याला 18 युनिटांचा पडतो. शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला तो बिलात दिसतो.

एक सापळा आणखी आहे. परदेशातून नातेवाइकाने आणलेला अमेरिकन स्कीमर लोक 110 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. चुंबकाच्या चातीचा (रोटरचा) एसी पंप 60 ऐवजी आपल्या 50 हर्ट्झवर सहापैकी पाचच फेरे मारतो. हवा कमी ओढली जाते, फेस खाली बसतो आणि दोष यंत्राला दिला जातो. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हेच पंप गुणगुणतात आणि तापतात. डीसी पंपाला या दोन्हींची पर्वा नसते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. डीसी पंपाचा कंट्रोलर जळतो, साधा एसी पंप दहा वर्षं चालतो, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे ज्याचा कंट्रोलर कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत वेगळा विकत मिळतो तोच स्कीमर घ्यावा, इतकंच. दुसरा आक्षेप: हवाच हवी असेल तर बॅटरीचा स्वस्तातला एअरपंप काय वाईट? काहीच वाईट नाही. तो प्रत्येक घरात असावाच. पण आपण कामावर आणि लाइट दुपारी दोनला गेली, तर त्याचं बटण कोण दाबणार? तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. बंद खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो, म्हणून स्कीमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा असं पुस्तकं सांगतात. अंबरनाथच्या मोरिवली किंवा बदलापूरच्या माणकिवलीतल्या रासायनिक कारखान्यांजवळ राहणाऱ्याने ती बाहेर काढून काय ओढायचं? रात्री वास दाटतो त्या भागात नळी घरातच ठेवावी आणि खिडकी दिवसा उघडावी, हे मी पीएचचे दोन दशांश गमावूनही पत्करीन.

शेवटचं, जे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. बॅटरी संपून सगळं थांबलं की वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून सम्पमध्ये उतरतं आणि स्कीमर नेहमीपेक्षा चार बोटं खोल बुडतो. लाइट येताच तो त्या खोलीवर सुरू होतो, फेसाऐवजी पाणीच गळ्यातून वर येतं आणि आठवड्याची मळी कपातून भडभडून परत सम्पमध्ये. म्हणून स्कीमर पाण्याची पातळी बांधलेल्या वेगळ्या कप्प्यात बसवावा, आणि त्याच्या प्लगला दहा मिनिटांचा उशीर लावावा, म्हणजे रिटर्न पंप आधी पाणी वर नेतो. चाती महिन्याकाठी व्हिनेगरमध्ये भिजवून चुना उतरवावा. चुना धरलेली चाती चालू असताना फिरत राहते, पण एकदा थांबली की कमी व्होल्टेजवर पुन्हा उठत नाही, नुसती गुणगुणते. लाइट आल्यावर पंखा फिरला, टीव्ही लागला म्हणून निर्धास्त होऊ नये. कॅबिनेटचं दार उघडून, पाण्यात बुडबुडे दिसतात का ते पाहावं.