किंमत आणि गरज

वस्तूची किंमत तिच्या अंगच्या गुणांवरून ठरते, असें पुष्कळांस वाटतें. सप्टेंबर २०२० मध्यें एनव्हिडिया कंपनीनें ‘आरटीएक्स ३०८०’ हें ग्राफिक्स कार्ड ६९९ डॉलरांस विक्रीस काढलें. २०२१ सालीं फेरविक्रीच्या बाजारांत त्यास दुपटीहून अधिक दर आला. गुण मात्र तेच होते. टाळेबंदीमुळें घरोघर संगणकांची मागणी वाढलेली. चिप घडविणारे कारखाने मोजके, व नवा उभारावयास वर्षें लागतात. त्यांतच ‘इथीरियम’ या आभासी चलनाच्या खाणकामासाठीं लोक कार्डें घाऊक नेऊं लागले.

त्या सुमारास माझा एक विद्यार्थी चलच्चित्रें करण्यास शिकावें म्हणून पैसे सांठवीत होता. त्याची शिल्लक वाढे, पण किंमत तिच्या पुढें धांवे.

“सर, दुकानदार लबाड आहेत काय?” त्यानें विचारलें.

मी म्हणालों, “कार्ड ज्याला पैसे मिळवून देतें, तो शिकणाऱ्याहून अधिक दर देऊं शकतो. बाजार गरज मोजीत नाहीं, ऐपत मोजतो.”

१५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथीरियमचें खाणकाम बंद झालें, आणि वापरलेलीं कार्डें स्वस्त दरानें विक्रीस आलीं. त्यांतलें एक त्यानें घेतलें. विद्यार्थीमित्रहो, धीर धरणाऱ्यास कार्ड मिळालें खरें. परंतु शिकण्याचीं गेलेलीं दोन वर्षें कोणत्याहि बाजारांत मिळत नाहींत.