पुरवणी प्रश्न

मनुष्याचा खरा स्वभाव पहिल्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून कळत नाहीं; तो दुसऱ्या प्रश्नाच्या वेळीं कळतो, असें माझें जुनें मत आहे. बाजारांतून घरीं आलेल्या गृहस्थाला "मेथीची जुडी केवढ्याला मिळाली?" असें विचारलें तर तो बेधडक "तीस रुपयांना" म्हणून सांगतो. हें उत्तर त्यानें वाटेंतच तयार करून ठेवलेलें असतें. पण "शेजारच्या काकूंना तर वीसला मिळाली, तुम्ही कोणाकडून घेतलीत?" हा दुसरा प्रश्न आला कीं पिशवी खुंटीला अडकवतां अडकवतां त्याची जी त्रेधा उडते, तींत खरी हकीकत असते. आमच्याकडे या दुसऱ्या प्रश्नाला प्रतिष्ठा अशी कधींच नव्हती. मुलानें एकदां विचारलें तर तें जिज्ञासु. पुन्हा विचारलें तर तें उलट बोलणारें. जनकाच्या सभेंत गार्गीनें एकामागून एक प्रश्न विचारण्यास आरंभ केला तेव्हां याज्ञवल्क्यासारख्या ब्रह्मवेत्त्यानेंहि तिला, अतिप्रश्न करशील तर मस्तक गळून पडेल, असें बजावलें. त्या सभेंत राजाच्या एक हजार गाई पणाला लागल्या होत्या आणि त्यांच्या शिंगांना सोनें बांधलेलें होतें, हेंहि येथें विसरतां कामा नये. राजाच्या धनाचा आणि दुसऱ्या प्रश्नाचा संबंध असा फार पुरातन आहे.

हें सुचण्याचें कारण असें कीं, मला विधिमंडळांतील प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचण्याचा नाद आहे. माझ्या मित्रांना हा नाद विक्षिप्तपणाचा वाटतो. परंतु ज्याला शब्दांच्या आड लपणारा मनुष्य पाहण्याची हौस आहे, त्याला या याद्यांइतकें रसाळ वाङ्मय दुसरें सांपडणार नाहीं. प्रश्नाचा साचा ठरलेला. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असा आरंभ. मग, अमुक तालुक्यांतील अमुक पुलाचें काम निधि मंजूर होऊनहि अपुरें राहिलें आहे हें खरें आहे काय. असल्यास, शासनानें याबाबत चौकशी केली आहे काय. चौकशींत काय आढळून आलें. तदनुसार कोणती कारवाई केली. आणि सरतेशेवटीं, नसल्यास, विलंबाचीं कारणें काय आहेत? हें शेवटचें कलम कधीं चुकत नाहीं. विलंब हा गृहीतच धरलेला असतो. विचारावयाचीं असतात तीं केवळ त्याचीं कारणें!

उत्तरेंहि तशींच साच्यांतलीं. 'होय.' 'नाहीं.' 'हें अंशतः खरें आहे.' 'चौकशी सुरू आहे.' आणि या सर्वांत मला विशेष प्रिय असलेलें उत्तर म्हणजे, 'प्रश्न उद्भवत नाहीं.' पहिल्या कलमाला 'नाहीं' म्हणावें, म्हणजे मागचीं चारहि कलमें एका फटक्यासरशीं गारद! पूल अपुरा नाहीं. म्हणून चौकशीचा प्रश्न उद्भवत नाहीं. म्हणून विलंबाच्या कारणांचाहि प्रश्न उद्भवत नाहीं. नदीपलीकडचीं माणसें मात्र पावसाळ्यांत घरांतच उद्भवून राहतात.

यांत मंत्री लबाड असतो असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. प्रश्नाची सूचना आधीं द्यावी लागते. लोकसभेंत ती निदान १५ दिवस आधीं द्यावी लागते. मग तो प्रश्न मंत्रालयांतून खात्यांत, खात्यांतून जिल्ह्याच्या कचेरींत आणि तेथून तालुक्याला उतरतो, आणि उत्तर त्याच पायऱ्यांनीं वर चढतें. प्रत्येक पायरीवर त्यांतील एखादा टोंचणारा शब्द घांसला जातो. शेवटीं मंत्र्याच्या हातीं जो कागद पडतो तो इतका गुळगुळीत झालेला असतो कीं, ताकास तूर म्हणून लागावयाची नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर हें असें कचेरीचें उत्तर असतें. मंत्र्याचें स्वतःचें उत्तर सुरू होतें तें कोणीतरी उभें राहून, "मग तो कंत्राटदार कोण? त्याला पैसे किती दिले? आणि कोणत्या तारखेला दिले?" असें विचारतो तेव्हां. त्या क्षणीं हातांतला कागद निरुपयोगी होतो. अधिकाऱ्यांच्या सज्जांतून चिठ्ठी येईपर्यंत मंत्र्याला एकट्यालाच उभें राहावें लागतें. मंत्र्यानें आपलें खातें खरोखर जाणून घेतलें आहे, कीं तो नुसता त्यावर बसला आहे, हें त्या अर्ध्या मिनिटांत सगळ्या सभागृहाला कळतें. तारांकित आणि अतारांकित हा जो भेद सामान्य वाचकाला किचकट वाटतो, त्याचें मर्मही एवढेंच. तारा असलेल्या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतें व त्यावर पुरवणी प्रश्न विचारतां येतात. तारा नसलेल्याला लेखी उत्तर मिळतें आणि तेथें विषय संपतो.

या पुरवणी प्रश्नाची भीति राज्यकर्त्यांना किती होती, याची साक्ष इतिहास देतो. इंग्लंडच्या उमराव सभेंत पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा, तोहि पैशाचाच. साउथ सी कंपनीचा खजिनदार पळून गेला होता, तो परदेशांत पकडला गेला काय, असें अर्ल कौपर यांनीं विचारलें. आपल्याकडे कायदेमंडळें आलीं १८६१ च्या कायद्यानें, परंतु सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळावयास १८९२ साल उजाडावें लागलें. वरिष्ठ कायदेमंडळांत पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं भिनग्याच्या राजांनीं विचारला. विषय कोणता होता? साम्राज्याची सरहद्द नव्हे कीं रुपयाचा भाव नव्हे. दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवावी लागते, त्यामुळें खेड्यांतील दुकानदारांना जो जाच सोसावा लागतो, त्याविषयीं तो प्रश्न होता. मला हा आरंभ फार मोलाचा वाटतो. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेंत पहिल्यांदा तोंड उघडलें तें पीठ, तूप आणि सरपण यांसाठीं! प्रश्नोत्तरें क्षुल्लक असतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. सत्तेचा जुलूम मोठमोठ्या धोरणांतून नव्हे, तर अशा छटाक-पावशेरांतूनच रयतेच्या दाराशीं येतो.

परंतु १८९२ सालीं मिळाला तो केवळ पहिला प्रश्न. मिळालेल्या उत्तरावर चर्चा करावयाची नाहीं, पुन्हा विचारावयाचें नाहीं. उत्तर पदरांत पाडून घेऊन खालीं बसावयाचें. दुसरा प्रश्न विचारण्याची मुभा १९०९ च्या कायद्यानें आली, आणि तीहि मूळ प्रश्नकर्त्यालाच. शेजारी बसलेल्या सभासदाला तो विचारतां येऊं लागला १९१९ च्या सुधारणांनंतर. पहिल्यापासून दुसऱ्या प्रश्नापर्यंतचें अंतर घरीं एका श्वासाचें असतें. आमच्या देशाला तें चालून जावयास १७ वर्षें लागलीं.

या सतरा वर्षांत प्राध्यापक गोखल्यांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. अंदाजपत्रकावर बोलावयाची परवानगी होती, मत देण्याची नव्हती. सरकारचा एक पैसाहि त्यांना रोखतां येत नव्हता. १९०२ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत पहिलें भाषण केलें तें सरकारच्याच आंकड्यांवर. खजिन्यांत शिल्लक राहते आहे आणि रयत तर दुष्काळानें पिचली आहे. मग ही शिल्लक आली कोठून, आणि मिठावरचा कर उतरत कां नाहीं, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. उत्तर समाधानकारक आलें नाहीं. तोंडावर पुन्हा विचारण्याची सोय नव्हती, म्हणून ते पुढच्या वर्षीं पुन्हा उभे राहिले, त्याच्या पुढच्याहि वर्षीं उभे राहिले. त्यांचा पुरवणी प्रश्न एकेका वर्षानें येई! मिठावरचा कर १९०३ सालीं मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीड रुपयावर आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. याचें सारें श्रेय एकट्या गोखल्यांना देण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याच्या हातीं मत नाहीं त्यालाहि नेमका आणि चिकाटीचा प्रश्न किती दूर नेऊं शकतो, हें त्यावरून दिसतें.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या प्रश्नाचा पराक्रम दिसला तो १९५७ सालीं. आयुर्विम्याचा धंदा आदल्याच वर्षीं सरकारनें आपल्या हातीं घेतला होता. सामान्य पगारदार पोटाला चिमटा घेऊन जो हप्ता भरतो, त्या हप्त्यांतून महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारें सवा कोटी रुपयांना खरेदी केले. लोकसभेंत प्रश्न आले. उत्तरें मिळालीं तीं मोघम होतीं. येथेंच कोणी थांबता तर कागद बंद झाला असता. फिरोज गांधी थांबले नाहींत. १६ डिसेंबर १९५७ रोजीं त्यांनीं सभागृहांत भाव, तारखा आणि रकमा मांडून, बाजारभावापेक्षां चढ्या दरानें ही खरेदी कां झाली, असें विचारलें. ते सरकारपक्षाचेच सभासद होते, आणि पंतप्रधानांचे जांवईहि होते. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छगला यांची चौकशी मुंबईंत उघड्यावर झाली, लोकांनीं ती गर्दी करून ऐकली, आणि १९५८ च्या फेब्रुवारींत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विम्याची पॉलिसी ज्या घरांत कपाटांत जपून ठेवलेली असते, त्या प्रत्येक घराचा तो विजय होता. मात्र त्यांतील किती घरांना तो कळला, कोण जाणे.

डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा सभेपुढें मांडतांना याच गोष्टीचें तत्त्व सांगितलें होतें. कार्यकारी सत्ता स्थिर असावी आणि जबाबदारहि असावी. पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणांत देणारी पद्धति अद्याप सांपडलेली नाहीं. तेव्हां मसुद्यानें स्थैर्यापेक्षां जबाबदारी अधिक पसंत केली. मतदार सरकारचा हिशेब ठराविक मुदतीनें घेतात. सभासदांनीं तो प्रश्न, ठराव आणि चर्चा यांच्या द्वारां रोजच्या रोज घ्यावयाचा. पांच वर्षांनीं एकदां वही उघडणाऱ्या सावकाराला मुनीम किती सहज फसवतो, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रोजच्या हिशेबाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

या हत्याराचा दुरुपयोग होत नाहीं असें नाहीं. १९५१ सालीं मुद्गल नांवाच्या सभासदावर, मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून मोबदला घेऊन संसदेंत त्यांचें काम केल्याचा ठपका आला आणि त्यांना जावें लागलें. २००५ च्या डिसेंबरांत प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना काढून टाकण्यांत आलें. प्रश्न विकला जातो याची लाज वाटते खरी. पण बाजारांत खोटें नाणें येतें तें खऱ्या नाण्याला किंमत असते म्हणूनच.

मला अधिक भय वाटतें तें गोंधळाचें. लोकसभेंत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात. त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोंचतात. सभागृहांत आरडाओरड झाली, फलक नाचले, कामकाज तहकूब झालें, म्हणजे विरोधकांना आपण सरकारला जेरीस आणलें असें वाटतें. वस्तुतः त्या दिवशीं सर्वांत सुखी कोणी असेल तर तो उत्तराचा कागद घेऊन आलेला मंत्री. उरलेलीं उत्तरें लेखी म्हणून सभागृहाच्या पटलावर ठेवलीं जातात. पहिला प्रश्न जगतो, दुसरा तेवढा मरतो. २०२० च्या सप्टेंबरांत साथीच्या कारणानें संसदेचा प्रश्नोत्तरांचा तास अधिवेशनापुरता रद्द करण्यांत आला तेव्हां, लेखी उत्तरें मिळतीलच, असें समाधान सांगण्यांत आलें होतें. साथ खरी होती. तिचें भय खोटें नव्हतें. पण १४ ते २३ सप्टेंबर या दिवसांत सभासदांच्या हातीं जें उरलें तें मोजून पाहिलें, तर तें १८९२ सालीं जेवढें मिळालें होतें बरोबर तेवढेंच होतें, आणि याची हळहळ फारशी कोणाला वाटलेली माझ्या पाहण्यांत नाहीं.

निवडणुकीच्या वेळीं उमेदवार, आपण सभागृहांत इतके शें प्रश्न विचारले, असें अभिमानानें छापतात. तो आंकडा वाचून मी फारसा हर्षित होत नाहीं. उत्तर मिळाल्यावर आपण पुन्हा उभे राहिलां होतां काय, आणि काय विचारलेंत, एवढेंच त्यांना विचारावें असें वाटतें. १८९३ सालच्या त्या प्रश्नांतील खेड्यांतल्या दुकानदारांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. त्यांचे पिठाचे आणि तुपाचे पैसे सरतेशेवटीं चुकते झाले कीं नाहींत, हें सरकारी उत्तरानंतर पुन्हा उठून विचारण्याचा अधिकार त्या दिवशीं त्या सभेंत एकालाहि नव्हता. आज तो प्रत्येकाला आहे.